पेट्रोलले ठिबकचं प्रेशर

मु. रिठद

सौ. कस्तुराबाईस,

रिठदवरून जगदेवचा नमस्कार. (नवरा बायकोले नमस्कार लिहीत नाई, हे मले समजते. पन जे मानूस दिवाळीपासून पोराच्या घरी जाऊन बसलं, त्याले पाहुनं धरूनच चालावं लागते.) इकडं मी खुशाल, म्हैस खुशाल. तुह्ये गुडघे कसे हाय? नातू अजून रांगते का चालाले लागला? फोनवरच इचारलं असतं, पन सूनबाई फोन स्पीकरवर टाकते अन् सारी अमरावती आयकते. त्यात मानूस काय बोलन? म्हनून लिहून राह्यलो. पयलेच सांगून ठेवतो, तू ये असं मी म्हनत नाई. आरामात राह्य. लेकराले तुही गरज हाय. माह्यं काय, मी घोड्यासारखा गडी हाय.

पत्राचं कारन म्हंजे आपली जुनी अँबॅसिडर. जाताना तू म्हनली होती, गाडी चालू झाली का घ्यायले या, त्याच दिवशी निंगीन. तू हासून म्हनली, म्या मनावर घेतलं. गाडीत दोष एवढाच होता, का टाकीतलं पेट्रोल इंजिनपर्यंत खेचनारा पंप मेला होता. तसा जुना पंप कुठंच भेटे ना, म्हनून प्रेमसिंगले बोलावलं. (आपल्या वावरात ठिबक बसवलं तोच. त्यानं आजलोक कोनाचं वावर कोरडं ठेवलं नाई, हे कबूल.) त्यानं भंगारातून एका नव्या गाडीचा, बॅटरीवर चालनारा पंप उचलून आनला अन् म्हने, "भाऊ, प्रेशर असं पाह्यजे का शेवटच्या झाडापर्यंत गेलं पाह्यजे." मी मान हालवली. गाडीत शेवटचं झाड नसते, हे आमच्या दोघाच्याबी डोक्यात आलं नाई. मंग काय! टाकीपासून इंजिनपर्यंत ठिबकची काळी नळी, ठिबकचे कॉक, ठिबकचा फिल्टर. बोनेट उघडलं का वाटे, आत संत्र्याचा बगीचा हाय.

चाबी फिरवली. आता पाह्य, कार्बोरेटरात आपल्या छतावरच्या टाकीसारखा एक फ्लोट असते. पेट्रोल भरलं का तो वर येते, अन् त्याच्यावरची सुई पेट्रोलचं तोंड बंद करते. जुना पंप हळूहळू पाजे, त्या सुईले सवय तशी. या नव्या पंपानं तिले असा धक्का मारला का पेट्रोल कार्बोरेटरच्या वरून सांडलं, इंजिनवर आलं, तिथून अंगनात. तेवढ्यात शेजारची रूपा वहिनी गाडीची पूजा करायले जळती उदबत्ती घेऊन आली! मी असा वरडलो, असा वरडलो, का बिचारी उदबत्तीसकट नालीत उतरली. तवापासून बोलत नाई. तिच्याकडून भाजीची वाटी येत होती तेबी बंद झाली. (म्हंजे मी उपाशी हाय असं समजू नको. तिखट-तेल हाय घरात.) अन् दुसऱ्या दिवशी पाह्यतो तं ठिबकच्या जोडातलं रबर पेट्रोलनं फुगून सारे जोड निसटलेले.

आठ-पंधरा रोज गाडीकडं पाह्यलंच नाई. वावरात मोटर लावून इहिरीवर बसून राहो. भाकर सोडो, अन् नजर उगंच बांधाकडं, धुऱ्याकडं जाये, तू टोपलं घेऊन येशीन म्हनून. एकट्यानं खाल्लेली भाकर घशाखाली उतरत नाई वं. चहा अजूनबी दोघाचाच मांडतो, मंग दुसरा कप उभ्यानं पेतो. घर खायले उठते. जाऊ दे. तं तिथं बसल्या बसल्या माह्यी नजर बायपासच्या पायपावर गेली. ठिबकले पानी जास्त झालं का उरलेलं परत इहिरीत पडते, न! मी तसाच उठलो, प्रेमसिंगले गाठलं. पेट्रोलची खरी रबरी नळी आनली, प्रेशर कमी करायचा कॉक बसवला, अन् उरलेलं पेट्रोल परत टाकीत सोडनारी दुसरी नळी टाकली. चाबी फिरवली अन् गाडी सुरू! एक थेंब सांडला नाई. प्रेमसिंग नाचला, मी डोळे पुसले. (पेट्रोलची वाफ लागली होती.)

तं सांगाचा मतलब, गाडी आता फस्टक्लास हाय. कुठंबी जाते. तू घाई करू नको. नातवाचा एक पापा घेजो. बाकी सारं ठीक.

तुहा,
जगदेव

ता.क. कुठंबी जाते हे जरा वाढवून लिहिलं. सोमवारी धुतलेलं धोतर नेसून, तुह्या पाठीले टेकायले उशी घेऊन अमरावतीले निंगलो होतो. इथल्याच जवळच्या मालेगावच्या स्टँडसमोर इंजिन तापलं, नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली अन् गाडी बसली. थंडी झाली का घराकडं येते, पुढं जात नाई. प्रेमसिंग म्हनते, नळी इंजिनपासून दूर न्यावं लागन. तो दूर नेईपर्यंत नातू शाळेत जाईन.

आखरी ता.क. तवापासून मी रोज मालेगावले जातो. अमरावतीची बस लागली का दरवाज्यासमोर उभा राह्यतो, सारे लोक उतरेपर्यंत पाह्यतो, अन् घरी येतो. तिथला चहावाला इचारते, "काका, कोन येनार हाय?" मी म्हनतो, कोनी नाई बाप्पा, गाडीची टेस्ट घेऊन राह्यलो.

कस्तुरे, टेस्ट झाली. मालेगावपर्यंत बशीनं येजो.