पान सातवरचा फोटो

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझा फोटो! माझा!

पाकीट दुपारी आलं. आत चर्च समितीच्या अहवालाची झेरॉक्स, आणि टेकडीवरच्या चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या मावशींची चिठ्ठी – "तुमचा फोटो छान आलाय. बघा." बस्स, एवढीच. फोटो पान सातवर. वेदी, दोन्ही बाजूंची रिकामी बाकं, डावीकडच्या खिडकीतून आलेला तिरपा उजेड. त्या उजेडासाठी मी दीड तास थांबले होते. खाली छापलंय – "वास्तू अनेक वर्षे वापरात नाही. छायाचित्र पुरेसे बोलके आहे." मग माझं नाव. मग शिफारस : चर्च बंद करून इमारत विकावी. हरकतींची सुनावणी २२ तारखेला.

गेल्या वर्षीच्या सुरुवातीला वाचनालयात प्रदर्शन भरवलं तेव्हा समितीचे चिटणीस आले होते. "अख्खा संच द्याल का? नोंद राहील." एकसष्ट खेड्यांमधली चर्चं, आतून-बाहेरून. माझ्या सहा वर्षांच्या सुट्ट्या. फुकट दिला. वर त्यांचेच आभार मानले!

नवऱ्यानं चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेलं. "नाव तर नीट छापलंय की."

ताट तसंच टाकून उठले.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून चिटणीसांना फोन केला. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या वाक्याला चढला.

"मॅडम, तुमच्या फोटोतला एक ठिपकासुद्धा आम्ही बदललेला नाही."

"पण तिथे लोक येतात!"

"किती येतात?"

मला सांगता येईना.

"फोटोत तर एकही नाही, मॅडम."

असा गोड आवाज की फोन जिन्यावरून खाली भिरकावावासा वाटला.

मी फोटोला नंतर कधी हात लावत नाही. आकाश गडद करत नाही, मधे आलेली विजेची तार पुसत नाही. प्रदर्शनात तशी पाटीच लावली होती. आणि या माणसानं माझ्या खऱ्या फोटोला खोटी साक्ष द्यायला लावली!

पण किती लोक येतात हे मला का माहीत नाही?

६ फेब्रुवारी, गुरुवार

समितीला पत्र टाकलं. चौथा मसुदा. भाषा सभ्य – दात खाऊन लिहिलेली सभ्य.

९ फेब्रुवारी, रविवार

टेकडीवर गेले. पत्राची प्रत दाखवीन, मावशींना बरं वाटेल, असा हिशोब. (खरं तर त्यांनी माझी पाठ थोपटावी असा हिशोब.)

प्रार्थना नुकतीच आटपली होती. मावशी सतरंजी झटकत होत्या. पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं.

"छान लिहिता, ताई. पण चोर सोडून संन्याशाला कशाला धरताय?"

"म्हणजे?"

"तुम्ही फोटो काढायला आलात ती सकाळ आठवते का?"

उजेड आठवला. तसं म्हणालेही.

"आणि सतरंजी? ही इथेच होती. म्हाताऱ्यांच्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. पुस्तकांचा गठ्ठा, पंखा, पाण्याचा माठ, दाराशी चपला. तुम्हीच म्हणालात, 'एवढं जरा बाहेर काढू या का?' सुताराला तर बाकंसुद्धा सरळ करायला लावलीत."

"पाच मिनिटांचं काम होतं ते."

"पाच मिनिटांचं! चौदा माणसं बाहेर उभी होती, ताई. तुम्ही उजेडाची वाट बघत होतात आणि आम्ही तुमची. त्या दिवशी प्रार्थना झालीच नाही. लोक कामाला निघून गेले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तेव्हाच का नाही बोललात?" अक्षरशः ओरडले – चर्चमध्ये!

"घरी आलेल्या माणसाला 'जा' कसं म्हणायचं? म्हटलं, दोन घटका आपण बाहेर उभं राहू." सतरंजीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "धरा. घडी घालायला दोघी लागतात."

बसमध्ये शेजारच्या माणसाशी खिडकीवरून भांडले. त्याची काहीही चूक नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर तमाशा केला. पाण्याचे नमुने आणणाऱ्या नव्या माणसानं सगळ्या बाटल्या आधी विसळून घेतल्या. त्या विसळायच्या नसतात. आत चिमूटभर औषध असतं, ते गेलं की तपासणीला अर्थ राहत नाही. बारा गावांचे नमुने वाया. "बाटल्यांत पांढरं काहीतरी दिसलं," तो म्हणाला, "म्हटलं, स्वच्छ करून भरू."

"तुला स्वच्छता करायला पाठवलं होतं की जसं आहे तसं आणायला?" मी तारस्वरात. सगळी प्रयोगशाळा माझ्याकडे बघायला लागली. आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

नंतर त्याची माफी मागितली. तो आणखीच घाबरला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकसष्ट चर्चं. साडेअकराशे फोटो. संध्याकाळभर सगळे पाहिले. माणूस शोधत होते.

एक कोपर सापडलं. एका भिंतीवर झाडू मारणाऱ्या कोणाची तरी सावली. संपलं! माणूस चौकटीत आला की मी थांबायचे. हटला नाही तर हसून विनंती करायचे – हसून! तरीही आला, तर तो फोटो 'टाकाऊ' म्हणून पुसायचे. घरी आल्यावर नाही, तिथल्या तिथे, वेदीसमोर उभी राहून.

नंतर हात लावत नाही म्हणे. सगळा हात आधीच लावून ठेवायचा, मग नंतर कशाला लागतोय?

चिटणीसांचा राग कमी झालेला नाही. तो वेगळा आहे. हा वेगळा आहे. दोन्ही एकदम मावत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा टेकडीवर, कॅमेरा घेऊन. म्हटलं, आज माणसांसकट काढते. खुर्च्या, माठ, चपला, सगळं.

मावशी दारातच आडव्या आल्या. "आता नको. आता काढलेत तर म्हणतील, सुनावणीसाठी माणसं गोळा करून बसवलीत."

बरोबर होतं. ते बरोबर असल्याचाही राग आला.

"मग मी काय करू?"

"तोंडानं सांगा. तुम्ही केलंत ते तुम्ही सांगा."

मागून सुतार म्हणाला, "बाकं वीतभर डावीकडे घ्यायला लावलीत तेपण सांगा, ताई. माझी कंबर तेव्हापासून धरलीय." सगळे हसले. मी सोडून.

घरी येईपर्यंत मनात पळवाटा शोधत होते. 'काही वस्तू हलवल्या असण्याची शक्यता आहे' – असं वाक्यसुद्धा तयार केलं. शक्यता! प्रदर्शनातली ती पाटी वाचून लोक माझा हात हातात घेऊन गेले होते. वाचनालयाच्या बाई अजून सगळ्यांना सांगतात, "या खोटा फोटो काढत नाहीत." त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?

नवऱ्याला वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे तू बोलतेयस की तुझा वकील?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं.

लांब टेबल, हिरवं कापड, पाण्याचे झाकण ठेवलेले पेले. मधे अध्यक्षबाई, शेजारी चिटणीस, त्यांच्यापुढे पान सात उघडं. आमच्या बाजूला मावशी, सुतार आणि आणखी सात-आठ जण, इस्त्रीच्या कपड्यांत.

चिटणीस म्हणाले, "म्हणजे हा फोटो खोटा आहे असं तुमचं म्हणणं?"

"फोटो खरा आहे. खोली खोटी होती. ती मी केली."

एकेक वस्तू सांगितली. चौदा माणसं सांगितली. आवाज कापत होता, पण रागानं कापतोय असं वाटलं असेल. तो रागही होताच.

"आणि बाकीच्या साठ चर्चचे फोटो, मॅडम?"

"तेही."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग गोड हसून, "तेव्हाच्या मॅडमवर विश्वास ठेवायचा की आजच्या?"

सुतार उभा राहिला. "साहेब, बाकं मी हलवलीत, यांच्या सांगण्यावरून. माझ्यावर ठेवा की विश्वास."

अध्यक्षबाईंनी पान सात मिटलं. "उद्या रविवारच आहे. मी स्वतः जाऊन बसते. फोटो-बिटो काही नको."

जिन्यात मावशी एवढंच म्हणाल्या, "पाणी प्या. तोंड सुकलंय तुमचं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशींचा फोन. अध्यक्षबाई आल्या. मागच्या बाकावर बसल्या, प्लॅस्टिकची खुर्ची देऊ केली तर नको म्हणाल्या, शेवटपर्यंत थांबल्या. सतरा माणसं मोजली. शिफारस मागे!

"तुम्हाला हायसं वाटलं का, ताई?"

वाटलं. अगदी हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी नवऱ्याच्या विनोदाला हसले. विनोद भिकार होता.

१ मार्च, शनिवार

चिटणीसांचं पत्र. एकच कागद. "आपण सुनावणीत दिलेल्या माहितीस अनुसरून, आपल्या छायाचित्रांच्या आधारे गेल्या वर्षभरात बंद केलेल्या वास्तूंची यादी सोबत जोडली आहे."

नऊ गावं. तिथून कुणी मला चिठ्ठी पाठवली नाही.

उद्या पहिल्या गावी जाते आहे. वेदी आठवते, खिडक्या आठवतात, उजेड कुठून येतो तेही आठवतं. कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते आठवत नाही.