इंग्रजी सिनेमातल्या भावाबाबत

मी, किसनराव सोनाजी वराडे, वय एकोणसाठ, राहणार मलकापूर, कापसाच्या जिनिंगमधला निवृत्त कारकून आणि इथल्या एका साप्ताहिकाचा सिनेपरीक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. भीतीचं दडपण मात्र आहे, ते नाकारत नाही. येत्या सोमवारी नागपुरात माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे आणि चार दिवस झाले, घास उतरत नाही. पत्नी पंचफुला म्हणते, "काऊन भेता हो इतके? तुमच्या सिनेमात तर हसत मरतात मानसं." हसतात! युद्धपटांतल्या त्या शिपायांना मीच डोक्यावर घेतलं होतं. ते मत मी इथे रद्द करतो.

कलम १. राहतं घर पंचफुलेचं. पुतण्यांनी त्यात नाक खुपसू नये.

कलम २. थिएटरच्या मॅनेजरने मला पास दिला, पण नऊ वर्षं खांबामागच्या खुर्चीचा. माझ्या तेरवीला त्याला बोलावू नये.

कलम ३. माझी बाकीची मतं कायम. घोडेस्वारांच्या सिनेमात गुरं हजारो, पण धार काढताना एक माणूस दिसेल तर शपथ. नाचगाण्यांचे सिनेमे गोड, पण अर्धा तास कापावेत. प्रेमपटांवर बोलता येत नाही, कारण ऐन वेळी ऑपरेटर प्रोजेक्टरच्या झोतापुढे पंजा धरतो. भुताच्या सिनेमाला मी 'पोरखेळ' म्हटलं आणि घरी येताना भर दुपारी रस्त्याच्या मधोमध चाललो, हेही सांगून टाकतो.

कलम ४. मला इंग्रजी समजत नाही. रविवारी सकाळच्या खेळाला खुर्शीद टेलर पडद्याशेजारी उभा राहून भोंग्यातून गोष्ट सांगे. तीच ऐकून मी लिही. "हा याचा सख्खा भाऊ हाय, पन याले मालूमच नाही," असं तो सांगे आणि मी लिही की भावाच्या ताटातुटीचं दुःख मांडावं ते हॉलीवूडनेच. घोडेस्वारांत भाऊ, भुतांत भाऊ, सगळीकडे भाऊ. आता या परीक्षणांचं पुस्तक अकोल्यात छापायला गेलं आहे, आणि गेल्या महिन्यात तिथले एक प्राध्यापक मजकूर वाचून सहज म्हणाले, "तो भुताचा सिनेमा मीही पाहिला. त्यात भाऊ कुठे होता?" पुस्तक आलं की गाव फिदीफिदी हसणार.

तसाच खुर्शीदकडे गेलो. त्याने मशीन थांबवलं. "मले तरी कुठी इंग्रजी येते, भाऊ? आमचा गफ्फार सत्तेचाळीसात कराचीले गेला. पडद्यावर दोन मानसं दिसले का मले वाटे, हा मी अन् हा गफ्फार. दर इतवारी त्याले वापस आनत होतो."

मी म्हणालो, पुस्तक जाळतो, नाहीतर खरं काय ते छापतो, तुझ्या नावासकट. तो घाबरला. "नका, बा. पाकिस्तानशी लढाई आत्ताच सरली. तिकडं भाऊ हाय म्हनून चौकशी होईन." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो दारात उभा. म्हणाला, "छापा. गफ्फारचं बी नाव टाका. पुस्तक फिरत फिरत तिकडं गेलं तं?"

मी फक्त गावाच्या हसण्याला भीत होतो. मला माझी लाज वाटली.

सबब, पुस्तक छापावं. मला इंग्रजी येत नव्हतं, हे पहिल्याच पानावर असावं. गोष्टी शेख खुर्शीद यांच्या, आणि त्या त्यांच्या भावाच्या, शेख गफ्फार यांच्या आहेत, हेही असावं.

मी ऑपरेशनातून वाचलो आणि घाबरून हे कलम मागे घ्यायला आलो, तर माझं ऐकू नये.

मलकापूर, जि. बुलढाणा
दि. ३ मार्च १९६६
सही : कि. सो. वराडे

समक्ष साक्षीदार :
१. नारायणराव तोताराम भोळे, कंपाउंडर
२. शेख खुर्शीद शेख हबीब, टेलर (सही उर्दूत)