तेल निवळेपर्यंत

सोमवार, ६ जानेवारी

पुन्हा दूध! लॅबमधल्या व्हॅक्यूम पंपाच्या काचेतून पाहिलं तर तेल पांढरंफटक. सगळं काढलं, नवं ओतलं, हात अजून चिकट आहेत. शनिवारी मी रजेवर होते. कुणीतरी काम संपताच पंप बंद करून पळालं.

हबीबाआपा लॅबमध्ये सगळ्यांत जुन्या. त्या भडकल्या – "रंगाचे नमुने सुकवले की सगळी वाफ तेलात जाते. मग हवेची चावी उघडून पंप वीस मिनिटं नुसता चालू ठेवायचा, वाफ बाहेर पडते. कितनी बार बोलूं?" मग माझ्याकडे वळून, "सुकन्या, हे काम आता तूच बघ."

लगेच हो म्हटलं. का, ते सांगितलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

इथे सांगते. पंप इतका घरघरतो की बाजूला कुणी बोंबललं तरी कळत नाही. साडेपाचला सगळे जातात. मग वीस मिनिटं मी रडते. मोठ्यानं, तोंडात ओढणी न कोंबता!

घरी सोय नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर, सासू-सासरे, आम्ही दोघं, मधे पडदा. सप्टेंबरमध्ये सहाव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली. तेव्हापासून तिचा विषयच बंद. सासूबाई एकदाच बोलल्या – "पयलं फळ गळतंच कधीकधी. मनाला लावून घ्याचं न्हाय."

आणि नवरा? धनेश चौथ्या दिवशी टेम्पो काढून ड्युटीवर!

गुरुवार, ९ जानेवारी

वाफ अडवायच्या बाटलीभोवती आज दुप्पट बर्फ रचला. तेल एकदम स्वच्छ, तळणीला घ्यावं असं.

संध्याकाळी धनेश गेटपाशी टेम्पो घेऊन असतोच. "झालं?" एवढंच विचारतो. मग कोन गावापासून धामणकर नाक्यापर्यंत ट्रॅफिकला शिव्या. माझे डोळे सुजलेले असतात. दिसत नाहीत? दगड आहे, दगड!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणे. आमच्याकडे आधी कुणीतरी बोला.

गुरुवार, १६ जानेवारी

शनिवारी संध्याकाळी जाऊबाई भाविकाच्या बाळाचं बोरन्हाण. माझी आज महिन्याची असती. दोघांना एकाच पाटावर बसवलं असतं, बोरं-चुरमुरे दोघांच्या डोक्यावरून ओतले असते. हलव्याचे दागिने मी स्वतः केले असते. येतात मला.

सासूबाई म्हणाल्या, "तू त्या दिवशी कामाव जा. उगा तुला तरास नको." माझा त्रास! अपशकुन नको, हे सरळ सांगायला काय झालं होतं?

मी धनेशकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये.

ठरलं. रविवारी खारबावला, आईकडे. परत यायचं नाही. आईला फोन केला. ती घाबरली – "जावई काय बोलले?" म्हटलं, आई, त्याला बोलता येतं कुठे!

शुक्रवार, १७ जानेवारी

बॅग भरून पलंगाखाली ठेवली. सकाळी धनेशनं ती पाहिली. बाजूला सरकवली, मागची चप्पल काढली, पायात घातली आणि गेला. अडवेल असं उगाच वाटलं होतं. मूर्ख मी.

शनिवार, १८ जानेवारी

तिकडे बोरं लुटत असतील. इकडे आज मला रडूच येईना. नुसती काचेकडे बघत बसले. दहाव्या मिनिटालाच तेल निवळलं. कशाला बसायचं म्हणून पंप बंद केला.

घरघर थांबली. आणि रडणं ऐकू आलं. माझं नव्हे!

पंपाची वाफ सोडणारा पाइप मागच्या बोळात काढलाय, घरघर तिथेही तेवढीच. रडणं तिकडून येत होतं. खिडकीतून वाकून पाहिलं. धनेश. पाइपाखाली, भिंतीला कपाळ टेकून, तोंड उघडं टाकून रडत होता. पंप बंद झालाय हे त्याला कळलंही नव्हतं.

मी पंप परत चालू केला आणि मागच्या दारानं बोळात गेले.