मंजुषाची कावीळ

शेखरभाऊजी,

मंजुषाचे कपडे न्यायला पाच मिनिटं घरी आलेय, म्हणून घाईत लिहितेय. सकाळी तिला सरकारी दवाखान्यात भरती केलं. आईंना तिला नामपूरला काविळीची माळ घालायला न्यायचं होतं. त्यांचं न ऐकता मी रिक्षा बोलावली. त्यांचा राग मी सोसेन.

डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे, बहुतेक दूषित पाण्यामुळे. मागच्या महिन्यात आपल्या नळाला गटाराचा वास येत होता, त्यातलंच असणार. एरवी माणूस यातून महिन्याभरात उठतो, पण सातव्या महिन्यातल्या बाईच्या ते जिवावर बेततं.

"डोळे कधीपासून पिवळे आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "कालपासून."

"आठ दिवस झाले, वहिनी," मंजुषा हळूच म्हणाली. "लघवी काळ्या चहासारखी होतेय, अन्नाचा वाससुद्धा नको वाटतो. ह्यांना सांगितलं होतं. म्हणाले, डोहाळजेवण होईपर्यंत आईंना कळू देऊ नकोस."

डॉक्टरांनी ते तसंच केसपेपरवर लिहून घेतलं.

दुपारपासून ती मला ओळखत नाही, आईच समजून हाका मारतेय. डॉक्टर म्हणतात, हे लक्षण चांगलं नाही. त्यांना तुमची सही हवी आहे. कंपनीतून आलात की तसेच निघा.

माठातलं पाणी पिऊ नका, उकळलेलं पातेल्यात झाकून ठेवलंय. आणि निघण्याआधी आरसा दारात उजेडाला नेऊन स्वतःचे डोळे बघा. परवापासून तुम्हीही ताटावरून तसेच उठताय.

प्रतिभावहिनी