अस्तर राहिलेला कोट

प्रिय ठमे,

एकाच घरात राहून आई पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तू माझी औषधं आणायला बाजारात गेली आहेस, तेवढ्यात लिहून घेते. तोंडावर बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो, हे तुला माहीत आहे.

गुडघा बदलण्याआधीची माझी तऱ्हा आठवते ना? खुर्चीतून उठायचं तर आधी टेबल धरा, मग भिंत धरा. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पण पायाने मशीन चालवणंच जमेना, म्हणून तुझा निळा कोट अस्तरावाचून लटकत राहिला. तेव्हा तू यायचीस ती दोन दिवसांसाठी, त्यातही अर्धा वेळ फोनवर. ऑपरेशन झालं आणि तू मुक्कामालाच आलीस. पायाखाली उशी सरकवायचीस, बर्फाचा शेक द्यायचीस, मी वॉकर घेऊन निघाले की मागे मागे यायचीस. न्हाणीघरातलं तुझं बेसूर गाणंसुद्धा मला गोड वाटायला लागलं. घर भरल्यासारखं झालं गं.

काल तू गॅलरीत नव्या नोकरीच्या साहेबांची मनधरणी करत होतीस, ते मी ऐकलं. सोमवारी हजर झाली नाहीस तर ते जागा दुसऱ्या कुणाला देणार. आत येऊन मला मात्र म्हणालीस, त्यांना काही घाई नाही. खोटं बोलण्यात तू माझ्यावर गेली आहेस. 

खरं सांगायचं तर व्यायाम शिकवायला येणारी ती मुलगी मला मागेच म्हणाली होती, आजी, वॉकर आता माळ्यावर टाका. तू तेव्हा घरात नव्हतीस, आणि मी तुला सांगितलं नाही. तू समोर असलीस की मी कण्हत चालते, तुझी पाठ वळली की घरभर हिंडते. पोटच्या पोरीला असं अडकवून ठेवलं याची मला फार लाज वाटते. रागाव, अबोला धर, पण नोकरी घालवू नकोस.

हे पत्र तुला त्याच कोटाच्या खिशात सापडलं असेल. आता अस्तर बघ. तू बाहेर गेलीस की मी मशीनवर बसायचे, दोन्ही पायांनी. सोमवारी तो घालून जा. फाटकापर्यंत सोडायला मी जिना उतरून येणार आहे, वॉकर वरच राहील.

तुझीच,
लबाड आई