गिरणीपासून ओट्यापर्यंत

९ एप्रिल
प्रभाग रचनेचा मसुदा आज ग्रा.पं.च्या फळ्यावर लावला. तीन प्रभाग, तीन रंग. शेजारी हद्दींचं वर्णन, खाली तलाठी गजाननभाऊंची सही आणि ग्रामसेविका म्हणून माझी. ‘प्रत्यक्ष पाहणी करून’ हे शब्द छापीलच असतात. पाहणीच्या दिवशी ऊन फार होतं. आम्ही दोघांनी पंख्याखाली बसून मागच्या वेळचं वर्णन उतरवून काढलं. गाव तेच, घरं तीच, असं म्हणत. आधी कोण म्हणालं ते आठवत नाही. बहुधा मीच.

१२ एप्रिल
शेलूबाजारला घरी जाताना ज्वारी दळून नेते, तशी आजही हसनभाईंच्या गिरणीवर थांबले. पट्टा सुरू झाला आणि सहज गल्लीकडे पाहिलं. माझ्या डाव्या हाताला निम्मी पिंजारगल्ली, उजव्या हाताला निम्मी.
गिरणी आधी गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून होती. दोन वर्षांपूर्वी हसनभाईंनी ती गल्लीच्या मधोमध, स्वतःच्या घराला लागून आणली. मला माहीत होतं. दर आठवड्याला तर येते. तरी मी लिहिलं, ‘पिठाच्या गिरणीपासून मारुतीच्या ओट्यापर्यंत सरळ.’ तालुक्याला नकाशा काढणाऱ्या पोरांनी आजची गिरणी धरून रेघ ओढली. गल्ली मधून चिरली. पुढची घरं प्रभाग एकमध्ये, मागची दोनमध्ये.
पीठ न घेताच निघाले. हसनभाईंनी हाक मारली, “मॅडम, डब्बा तं घेऊन जा! का मलेच भाकरी करा लावता?”

१३ एप्रिल
ग.भाऊंना सांगितलं. त्यांनी नकाशावर बोट ठेवून गिरणी शोधली.
“कोणी हरकत घेतली तं दुरुस्त होईन. आपून आपल्या हातानं कायले सांगाचं का पाहणीच केली नाई?”
मी स्वतः हरकत घेऊ शकत नाही. गावची रहिवासी नाही, आणि सही माझीच आहे.
पिंजारगल्ली पूर्ण एका प्रभागात होती म्हणून मागच्या वेळी गल्लीतलं माणूस पहिल्यांदा ग्रा.पं.त आलं. नसीम. शिवणकाम करते. मासिक सभेत गळ्यात टेपसकट येऊन बसते. गल्लीतली नाली तिने मागे लागून करून घेतली. आता तिची निम्मी मतं पलीकडे गेली. माझ्या एका ओळीने.

१५ एप्रिल
नसीमकडे गेले. सरळ सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून ब्लाउजचं कापड आणि मापाला जुना ब्लाउज नेला. तिने जुना बाजूला ठेवला.
“ह्याच्यावर मी नाई शिवत. माणूस बदलते, मॅडम. उभ्या राहा.”
टेप खांद्यावर असतानाच सगळं सांगून टाकलं. मग तिने आकडा लिहून घेतला, पुढचं माप घेतलं. शेवटी म्हणाली, “तुमीच लिवलं नं? मंग तुमीच खोडा.”
मला खोडता येत नाही, हरकत गावातल्या माणसाचीच लागते, हे समजावलं. समजावताना मलाच ते खोटं वाटत होतं. नियम खरा आहे. तरी.

१७ एप्रिल
नसीमची हरकत आली. खाली सह्या तिच्यासकट नऊ, सगळ्या मागच्या घरांच्या. पुढच्यांपैकी कोणी नाही. तिच्या सख्ख्या दिराने, सलीमने, सही दिलीच नाही, उलट वेगळा अर्ज दिला की मसुदा आहे तसाच राहू द्यावा. प्रभाग एकमध्ये नळाला रोज पाणी येतं, आता आपल्याकडेही येईल असं त्यांना कोणीतरी पटवलं आहे.
सलीमला म्हटलं, पाण्याची लाइन प्रभागावर ठरत नाही.
“मंग इतके वर्षं आमाले काहून नाई भेटलं, मॅडम?”
अर्ज घेतला, पोच दिली.
चूक माझी, आणि भांडण दीर-भावजयीत.

२६ एप्रिल
सुनावणी. तालुक्याला. जाताना जीपमध्ये मी आणि नसीम शेजारी, सलीम पुढच्या सीटवर. एका बाईने नसीमला विचारलं, “कुटं चालले सगळे घरचे?” नसीम म्हणाली, “वाटणीले.”
साहेबांनी दोन्ही अर्ज वाचले. नसीम नीट बोलली. गिरणी कुठे होती, कुठे आली, कधी आली. सलीम एवढंच म्हणाला की आम्हाला मंजूर आहे.
साहेब माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, घाई होती फक्त.
“मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष पाहणी केली होती ना?”
माझ्या शेजारी ग.भाऊ खाली बघत होते. नसीम माझ्याकडे.
मी ‘हो’ म्हणाले.
एवढंच. पुढे काही विचारलं नाही त्यांनी. पुढची हरकत घेतली.
परत येताना नसीम दुसऱ्या जीपने गेली.

२७ एप्रिल
कामावर गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं. हेही खोटंच.
ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तू खरं बोलली असतीस तर चौकशी तुझ्यावर, आणि रेघ हलली असती याची खात्री कोणाला?”
बरोबर आहे. पण ‘हो’ म्हणताना यातलं काही माझ्या मनात नव्हतं. नुसती भीती होती. कारणं नंतर सापडली. तेवढं तरी इथे खरं लिहावं.

३० एप्रिल
लेखी निवेदन दिलं. पाहणी केलेली नाही, वर्णन जुन्यावरून उतरवलं, गिरणीची जागा चुकली, जबाबदारी माझी. ग.भाऊंना आधी दाखवलं. त्यांचं नाव मी घातलं नव्हतं. त्यांनी वाचून परत दिलं. “तुमी चांगल्या आहात मॅडम, पण उशिरा चांगल्या आहात.”
तालुक्याचे बाबू कागद दोनदा वाचून म्हणाले, “सुनावणी तर झाली. आता हे कशाला जोडू?” मी म्हटलं, जोडा कशालाही. त्यांनी शिक्का मारला.

८ मे
निवेदनाचं उत्तर नाही. चौकशीची नोटीसही नाही. दोन्हीची वाट पाहते, आणि जास्त कशाची ते कळत नाही.
सलीमने दारासमोर नळासाठी चर खोदून ठेवला आहे.

१४ मे
दुपारी फोन आला. अंतिम रचना उद्या येते, लगेच फळ्यावर लावा. काय ठरलं ते विचारलं. पाकीट बंद आहे म्हणाले.
नसीम ब्लाउज द्यायला आली. सुनावणीनंतर पहिल्यांदाच. निवेदनाचं सांगितलं. ती म्हणाली, “मालूम हाय. गजाननभाऊ बोलले.” मग मीच म्हटलं, जरा चल माझ्याबरोबर.
आम्ही जुन्या गिरणीच्या जोत्यापासून निघालो. रस्त्याने, गल्लीच्या कडेकडेने मारुतीच्या ओट्यापर्यंत. ऊन पाहणीच्या त्या दिवसासारखंच. वाटेत तिने एका घरी पाणी मागितलं, दोघी उभ्याने प्यायलो. घरातल्या म्हातारीने विचारलं, “काय मोजून राह्यल्या वो?” नसीम म्हणाली, “काई नाई, मावशी.”
ओट्यावर बसून घड्याळ पाहिलं. पाण्याला थांबलो ते धरून वीस मिनिटं लागली.