चढताना चांगला पाय

बोरगाव मेघे,
१२ जानेवारी २००७

प्रमिलाताई,
जयभीम. हे तिसरं पत्र. आधीची दोन गादीखालीच हायत.

गुडघा बदलून तीन महिने झाले, काठी सुटली. डॉक्टरीणबाईनं शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घरच्या ओट्यावर रोज तेच करून राह्यली.

आपली माय वारली तेव्हा मी निरोप धाडला होता, गुडघ्यानं मले एसटीची पायरी चढवत नाई म्हणून. ताई, तेव्हा गुडघा दुखतच नव्हता. आपलं बोलणं बंद होतं, अन् तुह्या दारात येऊन रडायची मले लाज वाटली. दोन वर्षांनी तो खराच दुखायले लागला.

तुहा अश्विन सांगत होता, मायचं हिरवं लुगडं तू अजून माह्यासाठी ठेवलं हाय.

आज स्टँडवर गेली. तुह्या समुद्रपूरच्या गाडीत चढली, चांगला पाय आधी. खिडकीपाशी बसली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली अन् मी उठली. ऑपरेशनचा पाय आधी टाकून उतरली, शिकवलं तसंच.

कंडक्टर म्हणे, "काऊन उतरता मावशी? पाय दुखते का?"

मी हो म्हटलं.

तुही,
भागीरथा